संवादातील प्रश्न आणि अध्यापकाची उमेदवारी

सॉक्रेटिसाच्या प्रश्नपद्धतीचे सर्वपरिचित उदाहरण प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात आहे. दोन फूट बाजूच्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस कोणता, असे एका गुलाम मुलास विचारले जाते. मुलगा बाजू दुप्पट करतो. तेव्हा चाराचे आठ न होता सोळा होतात. मग तो तीन फूट म्हणतो. ते नऊ भरतात. तो कुंठित होतो, आणि या कुंठिततेलाच सॉक्रेटिस लाभ मानतो. मात्र पुढे कर्णाच्या रेषा सॉक्रेटिस स्वतःच काढतो व मुलगा बहुतेक होकार भरतो, हेही नमूद केले पाहिजे. (भूमितीचे सत्य उमगल्यावरही तो मुलगा गुलामच असतो.)

पुण्यात १८४८ साली मुलींची शाळा काढणाऱ्या जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा १८७३ चा ग्रंथही संवादरूप आहे. त्याच्या प्रारंभी धोंडीबा मनुसंहितेतील वर्णोत्पत्तीचा उल्लेख करतो. जोतीराव तिचे थेट खंडन न करता, पृथ्वीवरील इंग्रजादी लोक ब्रह्मदेवाच्या कोणत्या अवयवापासून झाले, असे विचारतात. हा प्रश्न धोंडीबाच्याच विधानातून निघालेला असल्यामुळे त्यास तो टाळता येत नाही. पुढील भागांत मात्र बहुधा धोंडीबा विचारतो व जोतीराव सांगतात. ते निरूपण होय, आणि ग्रंथाचा हेतू पाहता ते आवश्यकही होते. परंतु अध्यापनपद्धती म्हणून या दोहोंत भेद केला पाहिजे.

न्यायदर्शनाने शास्त्रीय चर्चेचे वाद, जल्प व वितंडा असे तीन प्रकार मानले आहेत. वाद तत्त्वनिर्णयार्थ, जल्प विजयार्थ. वितंडेत तर स्वपक्षाची स्थापनाच नसते. नवशिक्या अध्यापकाची समजूत अशी असते की आपण वाद करीत आहोत. वस्तुतः उत्तर व गुण दोन्ही त्याच्याच हाती असल्याने विद्यार्थी त्याच्या मनातले उत्तर ओळखण्याचा प्रयत्न करितात, अथवा गप्प बसतात. त्या मौनास तो अज्ञान समजतो. प्रत्येक उत्तर खोडून काढणे म्हणजेच सॉक्रेटिसाची पद्धती, असे मानणारे तर थेट वितंडेत शिरतात.

उमेदवारीच्या काळात एक साधी कसोटी उपयोगी पडावी. एका तासातील प्रश्नोत्तरे शब्दशः लिहून काढावी व विद्यार्थ्यांची उत्तरे झाकून केवळ आपले प्रश्न वाचावे. ते सलग, विनाअडथळा वाचता आले, तर उत्तरे ऐकलीच गेली नव्हती. ‘गुलामगिरी’च्या प्रारंभी धोंडीबाचे बोलणे झाकून पाहिल्यास जोतीरावांचा प्रश्न निराधार होतो.