फॉरमॅटनंतर विंडोज अपडेट अडकतंय? परत फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा



जून महिना. सेवा केंद्रासमोर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी, जातीच्या दाखल्यासाठी मुलांची रांग. कॉम्प्युटर कालच फॉरमॅट करून आणलाय, आणि अपडेट मात्र पुढे सरकत नाही. अशा वेळी बरेच जण घाबरून पुन्हा फॉरमॅट मारतात. त्यात दिवस जातो, आणि कारण तसंच राहिलं तर अडचणही तशीच राहते. म्हणून खालच्या क्रमाने तपासा. सोपं आधी, अवघड नंतर.

१. तारीख आणि वेळ
मशीन जुनी असेल तर मदरबोर्डवरचा बटन सेल (सीआर २०३२) संपलेला असतो. लाईट गेली की तारीख मागच्या कुठल्या तरी वर्षात जाते. अपडेट देणाऱ्या सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचं असतं. तुमची तारीख चुकली की ते विंडोजला चालत नाही आणि जोडणीच होत नाही. ‘२एफ८एफ’ने संपणारा एरर कोड दिसला तर सगळ्यात आधी तारीख बघा. सेल बदला, वेळ ऑटोमॅटिक करा.

२. मोबाईलचा डेटा
भामरागड, एटापल्ली, सिरोंचा भागात अनेकांचं काम मोबाईल हॉटस्पॉटवर चालतं. नव्या विंडोजला हे वायफाय साधंच वाटतं, म्हणून ती आल्या आल्या अपडेट ओढायला लागते. दिवसाचा पॅक संपतो, स्पीड पडतो, डाउनलोड अर्ध्यात तुटतं. यावर उपाय असा: वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा. अहेरी, आलापल्लीला किंवा चंद्रपूरला चांगलं नेट मिळालं की बंद करून अपडेट घ्या. बंद करायला विसरलात तर बहुतेक अपडेट आपोआप येणार नाहीत, हे लक्षात ठेवा.

केंद्रात तीन-चार कॉम्प्युटर असतील तर ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’मध्ये लोकल नेटवर्कचा पर्याय चालू करा. एकाने उतरवलेलं अपडेट बाकीच्यांना मिळू शकतं. डेटा वाचतो.

३. जागा
कोड ८००७००७० म्हणजे डिस्कवर जागा नाही. फॉरमॅट करताना सी ड्राइव्ह लहान ठेवला की हेच होतं. डिस्क क्लीनअप करा, नाहीतर पार्टिशन वाढवा.

४. अर्धवट फाईल
डाउनलोड मध्येच तुटलं असेल तर सर्व्हिसेसमध्ये जाऊन ‘विंडोज अपडेट’ थांबवा. सी ड्राइव्ह, विंडोज, सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन, डाउनलोड, हा फोल्डर रिकामा करा. सर्व्हिस परत चालू करून पुन्हा प्रयत्न करा. अपडेट बसत असताना लाईट जाणार नाही याची सोय हवी. यूपीएस नसेल तर हे काम करूच नका.

५. विंडोज कुठली टाकली?
पेनड्राइव्हमधली ‘क्रॅक’ कॉपी असेल तर तिच्यात अपडेटची सोय बंद केलेली असू शकते. तिथे वरचे उपाय चालत नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्या आणि ताजी कॉपी बनवा. कंपनीकडून विंडोज १० किंवा ११ सोबत आलेली मशीन असेल तर तीच आवृत्ती टाकल्यावर सहसा आपोआप ॲक्टिव्हेट होते.

विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज ११ साठी टीपीएम २.०, सिक्युअर बूट चालणारी मशीन, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते, शिवाय प्रोसेसरही चालणारा हवा. जुनी मशीन विकत घेताना हे आधी विचारा.

आता धंद्याचं बोलू. तुमच्या केंद्रात लोकांचे आधार, बँकेचे कागद, अंगठ्याचे ठसे हाताळले जातात. अपडेट नसलेल्या मशीनवर हे करणं म्हणजे गिऱ्हाइकाचा विश्वास उघड्यावर ठेवणं. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, तेव्हा दुरुस्तीवालाही येऊ शकत नाही. म्हणून मे महिन्यातच अपडेट पूर्ण करा, फिंगरप्रिंट मशीन आणि प्रिंटरचे ड्रायव्हर पेनड्राइव्हवर ठेवा.

आणि ज्यांना दुरुस्तीचाच धंदा करायचाय त्यांनी ‘फॉरमॅट करून दिला’ एवढ्यावर थांबू नका. तारीख, अपडेट, ड्रायव्हर तपासून, गिऱ्हाइकासमोर एक प्रिंट काढून मशीन हातात द्या. पुढच्या वेळी तो तुमच्याकडेच येईल.