जाड स्प्रिंग आणि जुने पिस्तूल

जुने हवेचे पिस्तूल हाती आले की त्यात मूळच्यापेक्षा जाड तारेची स्प्रिंग बसवावी, म्हणजे त्याचा मार दुप्पट होतो, हा समज शिरूर-दौंडकडच्या लेथवर, दुरुस्तीच्या टपऱ्यांत आणि जाणकार म्हणवणाऱ्या मंडळींच्या बैठकीत इतक्या ठामपणे सांगितला जातो, की ऐकणाऱ्याला शंका घेण्याचे धाडसच होऊ नये. शिरूर ही एकोणिसाव्या शतकातील इंग्रजांची छावणी आणि दौंड हे रेल्वेचे मोठे जंक्शन; अशा गावांतील एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीचे पिस्तूल फडक्यात गुंडाळलेले सापडले, तर त्यात नवल नाही. खेद याचा वाटतो, की दोन-तीन पिढ्यांनी जपलेली वस्तू एका दुपारच्या उत्साहात कायमची निकामी केली जाते, आणि ती करणाऱ्याची समजूत मात्र आपण तिच्यात सुधारणा केली अशी असते.

वेब्लीने आपले पहिले हवेचे पिस्तूल १९२४ साली बाजारात आणले. त्याची रचना डोळ्यांसमोर आणली तरी या समजाचा पाया ढासळतो. नळी सिलिंडरच्या माथ्यावर आडवी बसवलेली असते. मागचा खटका सोडून ती वर आणि पुढे उचलली की तिच्याशी जोडलेला दट्ट्या पुढे ओढला जातो व स्प्रिंग दबते. चाप ओढताच दट्ट्या मागे, म्हणजे नेमबाजाच्या मनगटाच्या दिशेने धावतो, दाबलेली हवा एका बारीक छिद्रातून नळीच्या बुडाशी शिरते आणि छर्रा सुटतो. छर्ऱ्याला ढकलणारी शक्ती हवेची असते. स्प्रिंगचे काम ती हवा दाबण्यापुरते. आता ही हवा किती, हे सिलिंडरच्या व्यासावर आणि दट्ट्याच्या धावेवर ठरते, आणि ही दोन्ही मापे स्प्रिंग बदलल्याने तसूभरही बदलत नाहीत.

जोरकस स्प्रिंगमुळे दट्ट्या अधिक वेगाने धावतो हे खरे, आणि छर्ऱ्याचा वेग त्यामुळे थोडाफार वाढतोही. परंतु ठरावीक मर्यादेपलीकडे तो दट्ट्या स्वतःच दाबलेल्या हवेवर आपटून उलट उसळतो, छर्रा नळीतून सुटेपर्यंत जो दाब टिकावयास हवा तो टिकत नाही, आणि उरलेली सारी शक्ती पिस्तुलाच्या अंगावर व धरणाऱ्याच्या हातावर हादरा म्हणून उतरते. शिवाय गणित पाहावे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १२० मीटर वेगाने सुटत असेल तर त्याची ऊर्जा साधारण ३.६ ज्यूल होते, आणि ती दुप्पट करावयाची तर वेग १७० मीटरच्या घरात न्यावा लागेल. तळहाताएवढ्या सिलिंडरातील चिमूटभर हवेकडून ही अपेक्षा कोणत्या आधारावर करावयाची?

प्रत्यक्षात काय घडते तेही सांगावयास हवे. मोटारसायकलची किंवा इंजिनच्या व्हॉल्व्हची स्प्रिंग कापून आत कोंबली जाते. तिची तार जाड असल्यामुळे दट्ट्या चापाच्या अडकणीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच तिची वेटोळी एकमेकींना भिडतात आणि नळी पुढे जाईनाशी होते. येथेच थांबावयाचे, पण माणूस अधिक जोर लावतो. मग नळीच्या बिजागरीची खीळ वाकते, जोडदांडी पिळवटते, किंवा दट्ट्या अडकणीच्या अर्ध्याच खाचेवर कसाबसा टेकतो आणि नळी हातात असतानाच निसटतो; त्या वेगाने परतणाऱ्या नळीखाली बोट सापडले तर काय होईल हे वर्णन करून सांगण्याची गरज नसावी. एवढे होऊनही ज्या नेमासाठी हा खटाटोप, तो नेम पूर्वीपेक्षा बिघडलेला असतो, कारण हादरा वाढलेला असतो.

ताकद वाढली की नेम सुधारतो, ही याच समजाची धाकटी बहीण. ऑलिंपिकमध्ये १९८८पासून असलेल्या दहा मीटर हवेच्या पिस्तुलाच्या स्पर्धेत छर्रा साधारण १५० मीटर वेगाने सुटतो, म्हणजे ऊर्जा सहा ज्यूलच्या आसपास. चापावर किमान ५०० ग्रॅम भार असावा एवढी नियमाची अट आहे, आणि दहा गुणांचे वर्तुळ अवघे साडेअकरा मिलिमीटरचे असते. मनू भाकरने २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळवले ते याच शक्तीच्या पिस्तुलाने. ज्यांना नेम सुधारावयाचा आहे त्यांनी बालेवाडीच्या नेमबाजी संकुलात जाऊन चाप कसा ओढतात ते पाहावे. स्प्रिंगच्या जाडीची चर्चा तेथे त्यांच्या कानी पडणार नाही.

तेलाविषयीचा समज तितकाच घातक आहे. आवाज मोठा आणि धूर आला म्हणजे पिस्तूल जोरात चालले, असे समजून सिलिंडरात यंत्राचे तेल ओतणारे लोक आहेत. सायकलचा पंप जोराने मारला की त्याचे बूड तापते, तशीच दट्ट्यापुढची हवा क्षणार्धात कितीतरी अधिक तापते, आणि खनिज तेलाचा अंश तिच्यात असला तर तो पेट घेतो. तो धूर त्या स्फोटाचा असतो. त्याने दट्ट्याचे वायसर जळते आणि स्प्रिंगला तडा जातो. दाबाच्या भागात सिलिकोन तेलाचा एखादा थेंब पुरे.

चामड्याचे वायसर वाळून कडक झाले म्हणजे पिस्तूल मेले, असेही मानले जाते. ते नीट्सफूट तेलात रात्रभर भिजत ठेवावे. बहुधा पुन्हा मऊ होऊन सिलिंडरला घट्ट बसते. न बसले तर बाभळीच्या सालीने कमावलेल्या, जाड आणि घट्ट पोताच्या चामड्याचे नवे कापून घ्यावे. जीर्णोद्धाराचे खरे काम हे असे मंद आणि बिनबोभाट आहे.

वाळूकागदाने घासून चकचकीत केलेल्या पिस्तुलाला किंमत अधिक येते, ही निव्वळ खोटी गोष्ट. मूळचा निळसर काळा मुलामा आणि कारखान्याचे ठसे पुसले की संग्राहकाच्या लेखी त्याचे मोल जाते. छर्रा न घालता चाप ओढून पाहिल्याने काही बिघडत नाही, हेही असत्य. समोर अडसर नसला की दट्ट्या थेट सिलिंडरच्या टोकावर आदळतो. स्प्रिंग दाबून ठेवलेले पिस्तूल खणात ठेवू नये. ती बसते, आणि शिवाय ते भरलेले शस्त्र असते. आणि हे खेळणे आहे असे म्हणणाऱ्याने डोळ्याच्या शल्यचिकित्सकाला एकदा विचारावे.

आता कायद्याकडे वळू, कारण ‘हवेच्या बंदुकीला लायसन लागत नाही’ हे वाक्य अर्धेच खरे आहे आणि अर्धे सत्य येथे महागात पडते. शस्त्र अधिनियम, १९५९ याने अग्निशस्त्राची जी व्याख्या केली आहे, तिच्यात स्फोटकाच्या जोडीला ‘अन्य प्रकारची ऊर्जा’ही आहे; त्यामुळे दारू नाही म्हणून ते शस्त्र नाही, हा युक्तिवाद तेथेच संपतो. शस्त्र नियम, २०१६ यांनी परवान्यातून जी मुभा दिली ती २० ज्यूलपर्यंतच्या आणि .१७७, म्हणजे साडेचार मिलिमीटर नळीच्या हत्यारांपुरती. जुने पिस्तूल २० ज्यूलच्या जवळपासही जात नाही. त्यासाठी अर्ध्या ग्रॅमचा नेहमीचा छर्रा सेकंदाला सुमारे २८३ मीटर वेगाने सुटावा लागेल. परंतु नळीची अट त्याला सहज अडवते, कारण वेब्लीची पिस्तुले .१७७ आणि .२२ अशा दोन्ही मापांत निघत. माळ्यावरचे पिस्तूल .२२चे असेल तर ते आजोबांचे आहे, एवढ्यावरून त्याचा ताबा कायदेशीर ठरत नाही. म्हणून ते खोलण्यापूर्वी नळीवरील आकडा वाचावा, आणि तो .२२ असल्यास प्रथम पोलीस ठाणे व जिल्हाधिकारी कचेरीतील शस्त्र परवाना शाखा गाठावी.

.१७७ची नळी बदलून .२२ची बसवणे हे तर ‘दुरुस्ती’ या नावाखाली मुळीच खपण्यासारखे नाही. २०१९च्या दुरुस्तीने कलम ६मध्ये एका वर्गातील अग्निशस्त्राचे दुसऱ्या वर्गात विनापरवाना रूपांतर करण्यास मज्जाव केला असून, त्या कसुरीची शिक्षा किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या एखाद्या टर्नरला मैत्रीखातर हे काम सांगणारा माणूस त्यालाही आपल्याबरोबर गोवतो.

राहिला डाळिंबाच्या बागेतील पाखरांचा आणि उसातील बिबट्याचा प्रश्न. पिकाच्या राखणीसाठी हवेचे हत्यार चालते, असे शेतकरी बांधव सांगतात आणि त्यांचे नुकसान खरे आहे. परंतु वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ यात शिकारीच्या व्याख्येत जखमी करणेही येते, आणि मोराचे गाव म्हणून ओळखली जाणारी मोराची चिंचोली याच शिरूर तालुक्यात आहे. मोर आणि बिबट्या दोघेही अनुसूची १मधील. शिक्षा तीन ते सात वर्षे. बिबट्याच्या बाबतीत तर कायद्याआधी जिवाचा विचार करावा. चार ज्यूलचा छर्रा त्याच्या कातडीला दुखवील, त्याला थांबवणार नाही, आणि दुखावलेला बिबट्या उसाच्या फडात नेमका कोठे दबा धरून आहे हे दुसऱ्या दिवशी तोडणीला येणाऱ्या मजुरांना कोण सांगणार? हा तालुका जुन्नर वनविभागाच्या अखत्यारीत येतो. बिबट्या दिसल्यास वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि फडापासून दूर राहावे.