चिठ्ठी हरवलेली माती

कृषी विस्ताराच्या नोकरीत माती परीक्षणाचे नमुने गोळा करताना एकदा माझ्याकडून चूक झाली. वाटेत पाऊस लागला. पिशव्यांतल्या चिठ्ठ्या भिजून अक्षरे पुसली गेली. माती तीच होती, पण कोणत्या शेतातली हे कळेना. सगळी शेते पुन्हा पालथी घालावी लागली.

आपल्याला दुसरा नमुना घेता येतो. जुन्या वस्त्यांचे उत्खनन करणाऱ्यांना ती सोय नाही. वरचा थर काढल्याशिवाय खालचा दिसत नाही आणि काढलेला थर परत बसवता येत नाही. म्हणून कोणती वस्तू कुठे, किती खोलीवर होती, ही नोंदच त्यांची खरी कमाई.

तुर्कस्तानात कोन्याच्या मैदानात चतालहोयुक नावाचे जुन्या वस्तीचे टेकाड आहे. आपल्याकडे पांढर म्हणतात, तसेच. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तिथे गहू पिकवणारे आणि शेळ्यामेंढ्या पाळणारे लोक राहत. घरे एकमेकांना चिकटलेली. माणसे छतावरून शिडीने आत उतरत. १९६१ ते १९६५ या काळात जेम्स मेलार्ट यांनी तिथे उत्खनन केले. पुढे १९९३ पासून २०१८ पर्यंत इयन हॉडर यांच्या पथकाने काम केले.

या पथकाने प्रत्येक थराला, खड्ड्याला, घराच्या भुईला क्रमांक दिला, जसा आपल्या शेताला गट नंबर. जागा आणि उंची यंत्राने मोजून संगणकावरच्या नकाशात भरली. माती पाण्यात कालवून वर तरंगलेले जळके दाणे वेचले, तेही त्याच क्रमांकाखाली नोंदले. अशा नकाशाला ‘दाणे कुठे सापडले?’ असे विचारले, की त्या जागा उमटतात. त्यावर चुली आणि कणग्यांचा नकाशा ठेवला, की धान्य घरात कुठे साठवत, कुठे रांधत याचा अंदाज बांधता येतो. वह्या चाळून हेच करायला फार वेळ जातो.

मात्र क्रमांकच चुकीचा लिहिला, तर संगणकही चुकीचीच जागा दाखवणार. खरी काळजी खड्ड्यात बसलेल्या माणसानेच घ्यायची.

पांढरी आपल्याकडेही आहेत. घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजच्या उत्खननाने तीन हजार वर्षांहून जुने शेतकऱ्यांचे गाव उजेडात आणले. इतर ठिकाणी मात्र पांढरीची माती धाब्यासाठी नाही तर शेतात टाकायला उकरली जाते.

बंधुभगिनींनो, नांगराला खापरे, मणी लागले तर तिथेच थांबा. गट नंबर आणि खोली लिहून ठेवा. तहसील कचेरीत किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा. वस्तू घरी आणली आणि जागा विसरली, तर ती माझ्या पिशव्यांतल्या मातीसारखीच मुकी होते.