गोठ्यात जा, पण पाय झाकून

मास्तरकीतून निवृत्त झालो, तेव्हा पहिले दोन महिने मोठ्या मजेत गेले. घंटा नाही, हजेरीपट नाही, तपासायच्या वह्या नाहीत. सकाळी चहा, पेपर, देवपूजा, मग एस.टी. स्टँडपर्यंत एक फेरी आणि दुपारी झोप. तिसऱ्या महिन्यापासून मात्र दिवस सरता सरेना. रात्री झोप लागेना, पोट साफ होईना. वर्षभरात रक्तातली साखर वाढल्याचे निघाले. "पूर्वी काय काम करत होता?" असे डॉक्टरांनी विचारले. मी शाळेचे सांगितले. शेजारी बसलेल्या सौ.ने लगेच दुरुस्ती केली, "अहो, आणि घरी चार गुरे होती, ती सांगा की!"

तिचे बरोबर होते. निवृत्तीच्या वर्षीच आम्ही गुरे देऊन टाकली होती. मुले मुंबईला, शेतात पॉवर टिलर आलेला. मग गोठा रिकामा झाला. शाळा सुटल्याने माझे बसणे वाढले नव्हते. ते वाढले गोठा सुटल्याने.

संगमेश्वर परिसरातल्या अनेक घरांप्रमाणे आमचीही गुरे लहान चणीची, चढउतारावर सहज चालणारी. कोकणातल्या अशा गुरांची २०१८ साली 'कोंकण कपिला' या नावाने स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. आम्ही त्यांना गावठीच म्हणत आलो. पहाटे उठून शेण काढायचे, पेंढा टाकायचा, विहिरीचे पाणी आणायचे, धार काढायची आणि मग शाळा गाठायची. संध्याकाळी पुन्हा तेच. त्याला व्यायाम म्हणतात हे कुणाला ठाऊक होते?

आषाढातली एक रात्र अजून आठवते. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आमची तांबू व्याली. वासरू गारठलेले, उठेना. आई कंदील धरून उभी आणि मी गोणपाटाने त्याला चोळतो आहे. पहाटे ते लटपटत उठले आणि आचळाला लागले. तिसऱ्या दिवशी वाडीभर खरवस वाटला. त्या रात्री माझे हात उघडे होते, पाय अनवाणी होते. तेव्हा काही झाले नाही, म्हणून कधीच काही होणार नाही, असे मी धरून चाललो होतो.

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले. जागतिक आरोग्य संघटनाही प्रौढांना आणि वृद्धांना आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवते. पण कारणाशिवाय चालणे माझ्या जिवावर येई. शेवटी शेजारच्या पुतण्याच्या दोन गाई होत्या, तिथे सकाळ-संध्याकाळ जाऊ लागलो. वैरण घालणे, पाणी दाखवणे, अंगावरून हात फिरवणे. महिन्याभरात झोप सुधारली. औषधे चालू होतीच, पण साखरही आटोक्यात आली. मुख्य म्हणजे सकाळी उठायला निमित्त मिळाले. आपली कुणीतरी वाट पाहत आहे, ही भावना म्हातारपणी फार मोलाची असते.

इथेच माझी चूक झाली. दोन वर्षांपूर्वी श्रावणात जुन्या सवयीने अनवाणीच गोठ्यात जात होतो. टाच भेगाळलेली होती. आठवड्याभराने हुडहुडी भरून ताप आला, डोके ठणकू लागले, पोटऱ्या इतक्या दुखू लागल्या की उभे राहवेना. 'पावसात भिजलो, दुसरे काय!' म्हणून दोन दिवस काढा घेतला. डोळे लाल झालेले पाहून सौ.ने हट्टाने दवाखान्यात नेले. रक्त तपासले, तर लेप्टोस्पायरोसिस. काही दिवस सलाईनवर काढले आणि वाचलो. आणखी दोन दिवस घरी काढले असते, तर मूत्रपिंडावर बेतले असते, असे डॉक्टर म्हणाले.

वाचकहो, या रोगाचे जंतू उंदीर, गुरे, कुत्रे यांच्या मूत्रातून चिखलात आणि साचलेल्या पाण्यात उतरतात. जनावर धडधाकट दिसत असले, तरी त्याच्या मूत्रात ते असू शकतात. भेग, खरचटा किंवा डोळ्या-तोंडाची नाजूक त्वचा यांतून ते शरीरात शिरतात. साधारणपणे ५ ते १४ दिवसांनी ताप येतो. कावीळ होणे, लघवी कमी होणे, धाप लागणे ही धोक्याची चिन्हे होत. वेळेवर गाठल्यास साध्या प्रतिजैविकांनी रोग बरा होतो. मधुमेह्याने तर अधिकच जपावे; पायाची संवेदना कमी झाली असेल, तर जखम झालेली त्याला कळतही नाही.

म्हणून पावसाळ्यात गोठ्यात आणि शेतात गमबूट घालावेत. भेगा, जखमा झाकाव्यात. त्यांवर शेणमाती लावू नये, त्याने धनुर्वाताचे भय असते. काम झाल्यावर हातपाय साबणाने धुवावेत. पेंड आणि धान्य झाकून ठेवावे, म्हणजे उंदीर कमी होतात. गाय विताना वार, वासरू उघड्या हातांनी हाताळू नये आणि धारोष्ण दुधाचा अभिमान सोडून दूध उकळूनच प्यावे. ब्रुसेलोसिस हा दीर्घकाळ ताप आणि सांधेदुखी देणारा रोग या दोन्ही वाटांनी येतो. ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना त्याची लस टोचून घेता येते. आणि ताप आला, तर गोठ्यात किंवा चिखलात वावर होता, हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे.

बरा झाल्यावर 'आता गोठ्याकडे फिरकू नका' असे घरच्यांनी बजावले होते. डॉक्टरांनी मात्र गमबूट घालून जायची परवानगी दिली. हल्ली पहाटे माझ्या बुटांची चाहूल लागली की गाय हंबरते. जीव लावायचा तर जिवाला जपूनच लावावा, एवढे या वयात शिकलो.