आठव्या वर्षीचा बाप्तिस्मा : ऐकीव काय, खरे काय

पेण तालुक्यातल्या गागोदे बुद्रुकमध्ये जन्मलेल्या विनोबांनी इतर धर्मांचे ग्रंथ मुळातून अभ्यासले आणि मग ‘कुराण-सार’ व ‘ख्रिस्तधर्म-सार’ सिद्ध केले. मॉर्मन या ख्रिस्ती पंथातल्या कुटुंबांविषयी बोलताना ही रीत आपण पाळत नाही. ऐकीव माहितीवरच मत बनवतो.

गैरसमज : इतर ख्रिस्ती घरांप्रमाणे तान्ह्या बाळाचाच बाप्तिस्मा होतो.
वस्तुस्थिती : वसईच्या कॅथलिक घरांत तसे होते, मॉर्मन घरांत नाही. तान्ह्या बाळाला आशीर्वाद देऊन त्याचे नाव ठेवतात. बाप्तिस्मा मूल आठ वर्षांचे झाल्यावरच. ही वयोमर्यादा पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याने 1831 मध्ये घालून दिली. बरेवाईट कळू लागेपर्यंत मूल पापाला जबाबदार नाही, अशी त्यामागची श्रद्धा आहे. आदमच्या अपराधाची शिक्षा त्याच्या वंशजांना होते, हे या पंथाला मान्य नाही. त्यांचा धर्मग्रंथ ‘मॉर्मनचे पुस्तक’ तर बालबाप्तिस्म्याचा कडक शब्दांत निषेध करते. आठ वर्षांचे होण्याआधी दगावलेल्या मुलाला बाप्तिस्म्यावाचूनच स्वर्ग मिळतो, असे मॉर्मन लोक मानतात. लेकरू गमावलेल्या आईला या शिकवणीचा केवढा आधार वाटत असेल! मला तरी या पंथाची हीच बाजू सर्वांत हृद्य वाटते.

गैरसमज : म्हणजे ही त्यांची मुंजच.
वस्तुस्थिती : मुंजीचे परंपरागत वयही आठच, पण साम्य तिथेच संपते. इथे मुलीही असतात. आईवडिलांची संमती लागते आणि स्थानिक मंडळीचा प्रमुख मुलाशी स्वतः बोलतो. आठव्या वर्षी एवढा निर्णय पेलतो का, हा प्रश्न मात्र रास्त आहे. तो मुंजीलाही विचारता येईल.

गैरसमज : पाद्री कपाळावर पाणी शिंपडतो.
वस्तुस्थिती : पांढऱ्या कपड्यांतल्या मुलाला पूर्ण पाण्याखाली नेतात. केस किंवा कपड्याचे टोक वर राहिले तर विधी पुन्हा करतात. दोन साक्षीदार ते पाहतात. 2019 पासून बाप्तिस्मा झालेल्या स्त्रिया आणि मुलेही साक्षीदार होऊ शकतात. बाप्तिस्मा देणारा बहुधा मुलाचा पौरोहित्यप्राप्त बापच असतो. नंतर डोक्यावर हात ठेवून पवित्र आत्म्याचे दान देतात.

गैरसमज : हा पंथ आपल्याकडे कालपरवा आला.
वस्तुस्थिती : पंथाची स्थापना 1830 ची, न्यूयॉर्क राज्यातली. ह्यू फिंडले हा स्कॉटिश प्रचारक 1852 मध्ये मुंबईत उतरला, पुढे पुण्यात त्याने छोटी मंडळी उभी केली आणि मराठ्यांना उद्देशून 1855 मध्ये मुंबईत एक पुस्तिकाही छापली. ते काम टिकले नाही, पण ओळख जुनी आहे.

एखाद्या शेजाऱ्याने लेकराच्या बाप्तिस्म्याला बोलावले तर निःशंक जा. नुसते हजर राहिल्याने कोणाचा धर्म बदलत नाही.