तेरावा प्रवासी

मोहालीच्या नॉलेज सिटीतून स्वच्छ दिवशी डोंगरांच्या रांगा दिसतात. समुद्र अर्थातच दिसत नाही. तरीही जहाजावर माणसे किती असावीत या प्रश्नावरील एका मोठ्या सवलतीला याच डोंगरांतील सिमल्याचे नाव लागले आहे. चंडीगड परिसरात नोकरीनिमित्त आलेल्या मराठी अधिकाऱ्यांपैकी थोड्यांनाच ते ठाऊक असेल.

हजयात्रेची जहाजे मुंबईहून निघत. त्यांवरील शेकडो प्रवाशांना झोपण्याची स्वतंत्र जागा नसे. ते डेकवरच पथारी पसरत. १९२९ च्या सागरी सुरक्षा कराराचे नियम जसेच्या तसे लावले तर गरिबाची यात्राच बुडणार होती. म्हणून १९३१ मध्ये ‘सिमला नियम’ आले. पुढे १९४८ व १९६० च्या करारांनी ते कालबाह्य ठरवले, तेव्हा १९७१ मध्ये अशा प्रवासी जहाजांसाठी वेगळा आंतरराष्ट्रीय करार झाला. प्रत्येकाला किती जागा मिळावी, यासाठी १९७३ मध्ये आणखी एक करार करावा लागला. सवलत मिळाली, पण लेखी आणि अटींसह. समुद्रमार्गे हजयात्रा १९९५ मध्ये थांबली.

हा इतिहास उकरण्याचे कारण म्हणजे धर्मादाय शिडाच्या जहाजांचा प्रश्न. अपंगांना वा वंचित मुलांना समुद्राचा अनुभव देणाऱ्या अशा संस्था ब्रिटनमध्ये निघाल्या. आपल्याकडे ‘तरंगिणी’ आणि ‘सुदर्शिनी’ ही गोव्यात बांधलेली शिडाची प्रशिक्षण जहाजे आहेत, पण ती नौदलाची. उद्या एखाद्या विश्वस्त संस्थेने असे जहाज काढलेच, तर आकडा आडवा येईल तो बाराचा. आंतरराष्ट्रीय सफरीवर यंत्राची जोड असलेल्या जहाजावर तेरावा प्रवासी चढला की ते प्रवासी जहाज ठरते. मग बांधणी, आगप्रतिबंध, जीवरक्षक नौका हे सारे निकष बदलतात आणि खर्च संस्थेच्या आवाक्याबाहेर जातो.

यावर एक वाट आहे. प्रशिक्षणार्थींना ‘प्रवासी’ न मानता ‘विशेष कर्मचारी’ मानण्याची मुभा २००८ ची विशेष उद्देश जहाज संहिता ५०० टनांवरील जहाजांना देते. मात्र तिचा आधार स्पष्ट आहे: ही माणसे शरीराने सक्षम असतात, जहाजाची रचना जाणतात आणि सुरक्षेचे थोडे शिक्षण घेतलेली असतात. गंमत (खरे तर गंमत नव्हेच) अशी की, ज्यांच्यासाठी धर्मादाय जहाज निघते त्यांच्या बाबतीत नेमके हेच गृहीत डळमळते. सूट मागणारा म्हणतो, आमचा हेतू थोर आहे. हेतूविषयी वाद नाहीच. प्रश्न एवढाच, की रात्री पाणी आत शिरले तर खालच्या मजल्यावरील मुलाला वर कोण आणणार?

आपल्या किनाऱ्यावर तर लेखी सुटीपेक्षा न लिहिलेली सूट अधिक चालते. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या बोटीला ८४ प्रवासी व ६ कर्मचारी यांची परवानगी होती. बोटीवर शंभराहून अधिक माणसे होती. नौदलाच्या वेगवान बोटीने दिलेल्या धडकेमुळे अपघात झाला, गर्दीमुळे नव्हे, हे खरे. पण १५ जण दगावल्यावर पहिली पंचाईत झाली ती बोटीवर नेमके किती जण होते, याचीच.

१९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्यातील कलम ४५६ केंद्र सरकारला अटींसह सूट देण्याचा अधिकार देत असे. त्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२५ मध्ये नवा कायदा संमत केला. त्याखाली असा अर्ज आला तर तो फेटाळू नये, असे आमचे मत आहे. मात्र आदेशात संस्थेचे कौतुक कमी आणि तपशील जास्त असावा: कोणते पाणी, कोणता हंगाम, किती दिवस, आणि स्वतःहून हालचाल करू न शकणाऱ्या दर माणसामागे किती खलाशी. शिवाय किनाऱ्यावर ठेवलेली नावांची यादी. ती दर सफरीला नव्याने सही करून घेतलेली हवी, मागच्या वर्षीची झेरॉक्स नव्हे.