काय कमी आहे तुला?

आमच्या घडियाळी पोळमध्ये कोणाला लपून राहता येत नाही. दोन दिवस कोणी दिसलं नाही, की समोरच्या काकू विचारतातच, "बरं नाही का?" ताप असेल तर उत्तर सोपं. मन आजारी असेल तर काय सांगायचं? सांगितलंच, तर पुढचा प्रश्न ठरलेला: "काय कमी आहे तुला?"

या प्रश्नाचं सरळ उत्तर मला शाहीन भट यांच्या 'आय हॅव नेव्हर बीन (अन)हॅपिअर' या २०१८ साली आलेल्या इंग्रजी आत्मकथनात मिळालं. शाहीन म्हणजे आलिया भटची थोरली बहीण. मुंबईतलं सुखवस्तू घर, माया करणारी माणसं. तरी शाळकरी वयापासून नैराश्य मागे लागलेलं. निदान झालं अठराव्या वर्षी. कमी काहीच नव्हतं, तरीही आजार होता. मधुमेह झालेल्याला आपण "काय कमी आहे?" असं विचारतो का?

अमेरिकन लेखक विल्यम स्टायरन यांनी १९९० च्या 'डार्कनेस व्हिजिबल'मध्ये 'डिप्रेशन' हा शब्दच या आजारासाठी फार मिळमिळीत असल्याची तक्रार केली आहे. आपण तर मॅच हरल्यावरही 'डिप्रेशन आलं' म्हणतो. मग खरोखर आजारी असलेल्याने कोणता शब्द वापरायचा?

इथे आत्मकथन उपयोगी पडतं. शाहीनचं पुस्तक मला माझ्या मावसबहिणीने दिलं. (तिला विचारूनच हे लिहितोय.) त्यात काही ओळींखाली तिने पेन्सिलने रेघा मारल्या होत्या. घरात जे तोंडाने सांगता येत नव्हतं, ते त्या रेघांनी सांगितलं. मग मावशीने तेच पुस्तक डिक्शनरी शेजारी ठेवून महिनाभर वाचलं. आता ती "काय कमी आहे?" म्हणत नाही, "रात्री झोप लागली का गं?" असं विचारते. बहिणीचे उपचार चालू आहेत. चांगले दिवस येतात, वाईटही येतात. पण वाईट दिवस आता लपवावा लागत नाही.

अर्थात पुस्तक म्हणजे औषध नव्हे. उदासी, कशातच रस न वाटणं, झोप किंवा भूक बिघडणं असं दोन आठवडे जवळजवळ रोज चालू राहिलं, तर डॉक्टरांना भेटायलाच हवं. जीव नकोसा वाटत असेल तर एक दिवसही थांबू नये. वडोदऱ्यात कारेलीबागेत सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे. सरकारची 'टेली मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते.

आणि घरात कोणी असं पुस्तक तुमच्या हातात दिलं, तर ते जरूर वाचा. त्यातल्या रेघांसकट.